जिमी हेंड्रिक्सचे मरणोत्तर अल्बम आणि अप्रकाशित ध्वनिमुद्रणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या नावावर आज जे काही विकत मिळते किंवा ॲपवर ऐकता येते, त्यातले बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आलेले आहे. त्यामुळे नव्याने ऐकू लागलेल्यांचा गोंधळ होतोच, आणि जुने संग्राहकही पुष्कळदा चकतात. सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना कसोटी एकच ठेवली आहे : १८ सप्टेंबर १९७० रोजी हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला, त्या दिवशी संबंधित गाण्याच्या टेपवर काय होते, आणि त्यानंतर त्यात कोणी काय घातले किंवा त्यातून काय काढले.

१. हेंड्रिक्सच्या हयातीत त्याचे नेमके किती अल्बम आले होते?

स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले तीन : 'आर यू एक्सपिरियन्स्ड' (१९६७), 'ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह' (ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६७, अमेरिकेत जानेवारी १९६८) आणि 'इलेक्ट्रिक लेडीलँड' (ऑक्टोबर १९६८). त्यानंतर मार्च १९७० मध्ये 'बँड ऑफ जिप्सीज' हा मैफलीतला अल्बम आला. याखेरीज 'स्मॅश हिट्स' हे संकलन होते. त्याची ब्रिटिश आवृत्ती १९६८ ची आणि अमेरिकन १९६९ ची असून दोन्हींतली गाणी वेगळी आहेत. ऑगस्ट १९७० मध्ये माँटेरे महोत्सवातल्या वादनाची एक एलपी निघाली, पण तिची एक बाजू हेंड्रिक्सची आणि दुसरी गायक ओटिस रेडिंगची होती. थोडक्यात, ज्यांवर त्याने स्वतः शेवटचा हात फिरवला असे स्टुडिओ अल्बम तीनच आहेत.

२. मरणोत्तर अल्बमांपैकी सुरुवात कशाने करावी?

वरचे चार ऐकून झाले असतील तर 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' (१९९७), मग 'ब्लूज' (१९९४), आणि मैफलींपैकी 'लाइव्ह ॲट द फिलमोर ईस्ट' (१९९९). बाकीचे सावकाश ऐकले तरी चालेल. कारणे अनुक्रमे प्रश्न ८, ६ आणि १३ मध्ये दिली आहेत.

३. तीन स्टुडिओ अल्बम काढणाऱ्या माणसाच्या मागे एवढे साहित्य उरले कसे?

'इलेक्ट्रिक लेडीलँड'नंतर जवळजवळ दोन वर्षे त्याचा एकही स्टुडिओ अल्बम आला नाही, पण ध्वनिमुद्रण मात्र थांबले नव्हते. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत तो रात्र रात्र बसत असे. क्लबमधून सोबत आलेले वादक वाजवत, आणि टेप चालूच ठेवलेली असे. त्यात त्याचा वाद्यवृंद सतत बदलत होता. जून १९६९ मध्ये मिच मिचेल (ड्रम) आणि नोएल रेडिंग (बास) यांच्यासोबतचा 'एक्सपिरियन्स' हा बँड फुटला, ऑगस्टमध्ये तो वुडस्टॉकला मोठा ताफा घेऊन गेला, वर्षाअखेरीस बिली कॉक्स (बास) आणि बडी माइल्स (ड्रम) यांच्यासह 'बँड ऑफ जिप्सीज' झाला, आणि १९७० मध्ये मिचेल पुन्हा ड्रमवर आला. प्रत्येक संचाबरोबर त्याने तीच गाणी पुन्हा करून पाहिली, म्हणून एकेका गाण्याची चार-पाच रूपे उरली.

स्टुडिओचे भाडे भरून थकल्यावर त्याने ग्रीनिच व्हिलेजमध्ये वेस्ट एट्थ स्ट्रीटवर स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ बांधून घेतला. त्याचे रीतसर उद्घाटन २६ ऑगस्ट १९७० ला झाले. त्यानंतर आयल ऑफ वाइट महोत्सवासाठी हेंड्रिक्स इंग्लंडला गेला आणि परत आलाच नाही. म्हणजे अल्बम अर्ध्यावर, पण टेप मात्र रचून ठेवलेल्या, अशी स्थिती होती.

यात एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. या टेपवर गिटार, आवाज, बास आणि ड्रम वेगवेगळ्या ट्रॅकवर होते. त्यामुळे त्याच टेपमधून नवे मिक्स (ट्रॅकचे आवाज कमी-जास्त करून केलेली एकत्र जुळणी) काढता येते, आणि मनात आणले तर एखाद्या वादकाला पुसून त्याच्या जागी दुसरा बसवताही येतो. पुढचे सगळे वाद इथूनच निघाले.

४. मृत्यूनंतरचा पहिला अल्बम कोणता, आणि तो हेंड्रिक्सचाच मानावा का?

'द क्राय ऑफ लव्ह', मार्च १९७१. त्याचे ध्वनियंत्रक एडी क्रेमर आणि ड्रमवादक मिच मिचेल यांनी तो पूर्ण केला. दोघेही शेवटच्या महिन्यांत हेंड्रिक्सबरोबर काम करत होते, त्यामुळे कोणत्या गाण्याचे मिक्स कुठवर आले आहे हे त्यांना माहीत होते. दहा गाण्यांपैकी बरीच १९७० च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक लेडीत आकाराला आली होती. 'बेली बटन विंडो' तर ऑगस्ट १९७० चे, फक्त आवाज आणि गिटार असलेले ध्वनिमुद्रण आहे, आणि ते तसेच ठेवले आहे. उलट 'माय फ्रेंड' हे १९६८ चे आहे. ते त्याने या अल्बमात घेतले असते असे वाटत नाही. 'ड्रिफ्टिंग'मध्ये ऐकू येणारा व्हायब्राफोन बझी लिनहार्टने हेंड्रिक्सच्या मृत्यूनंतर वाजवलेला आहे. तरीही कसोटी लावली तर मरणोत्तर अल्बमांत हा सर्वांत प्रामाणिक ठरतो, कारण भर घालणाऱ्यांनी हात आखडता ठेवला.

५. 'क्रॅश लँडिंग' या अल्बमावर जाणकारांचा एवढा राग का? तो तर चांगला खपला होता.

खपला होता हे खरे आहे. १९७५ मध्ये तो अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. राग आहे तो त्याच्या घडणीवर. व्यवस्थापक मायकेल जेफ्री मार्च १९७३ मध्ये फ्रान्सवर झालेल्या विमान अपघातात मरण पावला, आणि त्यानंतर टेपचा कारभार निर्माता ॲलन डग्लस याच्याकडे गेला. डग्लसचे म्हणणे असे की उरलेल्या टेपवर हेंड्रिक्सचे वादन उत्तम आहे पण साथ ढिसाळ आहे. म्हणून त्याने हेंड्रिक्सचा आवाज आणि गिटार ठेवले, मूळ ड्रम आणि बास बहुतांशी काढून टाकले, आणि त्यांच्या जागी ॲलन श्वार्ट्झबर्ग, बॉब बॅबिट आणि जेफ मिरोनोव्ह अशा कसलेल्या, पण हेंड्रिक्सबरोबर ती गाणी कधीच न वाजवलेल्या स्टुडिओ वादकांना बसवले. ज्यांना पुसले त्यांत मिचेल, कॉक्स आणि माइल्स होते, म्हणजे ज्यांच्याकडे पाहत हेंड्रिक्सने ती लय उचलली होती तेच.

ऐकताना काय खटकते ते सांगायचे तर 'मेसेज टू लव्ह' घ्या. आधी 'बँड ऑफ जिप्सीज'मधले रूप ऐका : माइल्सचा ड्रम किंचित मागे रेंगाळतो, आणि हेंड्रिक्सची गिटार त्या रेंगाळण्यावर रेलून पुढे सरकते. मग 'क्रॅश लँडिंग'मधले ऐका. ड्रम चोख आणि काटेकोर आहे, पण गिटार ज्यावर रेलत होती तेच तिथे उरलेले नाही. शिष्य तानपुऱ्यावर गात असताना तानपुरा काढून तिथे हार्मोनियम ठेवावी, तसे ते वाटते.

याच अल्बमातले 'कॅप्टन कोकोनट' हे तर एक गाणेच नाही. परस्परांशी संबंध नसलेले तुकडे कापून जोडलेले आहेत. आणखी एक गोष्ट अनेकांना पचली नाही : काही गाण्यांवर डग्लसने सहरचनाकार म्हणून स्वतःचे नाव घातले. त्याच वर्षी याच पद्धतीने 'मिडनाइट लाइटनिंग' आला, पण त्याला तेवढा प्रतिसाद मिळाला नाही.

६. मग डग्लसने केलेले सगळेच टाकाऊ समजावे का?

नाही, आणि हे सांगणे न्यायाचे आहे. १९९४ चा 'ब्लूज' त्याच्याच देखरेखीखाली झाला. त्यात बाहेरच्या वादकांची भर नाही, निवड विचारपूर्वक आहे, आणि डिसेंबर १९६७ मध्ये बारा तारांच्या अकूस्टिक गिटारवर एकट्याने गायलेले 'हिअर माय ट्रेन अ कमिन' त्यात आहे. वेगवेगळ्या टेक (एकाच गाण्याची वेगवेगळ्या वेळची ध्वनिमुद्रणे) जोडल्याची उदाहरणे इथेही आहेत ('मॅनिश बॉय' पाहा), पण जोडलेले सर्व हेंड्रिक्सच्या संचाचेच आहे. कुटुंबाने हक्क परत मिळवल्यावर डग्लसचे बहुतेक अल्बम बंद केले, 'ब्लूज' मात्र चालू ठेवला, यातच काय ते आले.

१९८० चा 'नाइन टू द युनिव्हर्स' हाही त्याचाच. ऑर्गनवादक लॅरी यंगबरोबरचा जॅम, म्हणजे आधी न ठरवता केलेले मोकळे सहवादन, त्यात आहे. संपादन कडक आहे, पण हेंड्रिक्स जॅझच्या वाटेने कुठे जाऊ पाहत होता हे त्यावरून कळते. 'ब्लूज'ची पुण्याई मात्र त्याने पुढच्याच वर्षी 'वूडू सूप'मध्ये घालवली : १९९५ साली दोन गाण्यांवर 'द नॅक' या बँडच्या ब्रूस गॅरीकडून नवे ड्रम वाजवून घेतले.

७. आज हे हक्क कोणाकडे आहेत?

हेंड्रिक्सचे वडील अल हेंड्रिक्स यांनी १९९३ मध्ये दावा लावला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी पैसे पुरवले. १९९५ मध्ये तडजोड होऊन हक्क अल यांच्याकडे आले आणि एक्सपिरियन्स हेंड्रिक्स ही कौटुंबिक कंपनी स्थापन झाली. तिचा कारभार अल यांची दत्तक मुलगी जेनी हेंड्रिक्स पाहते. अल २००२ मध्ये वारले. मृत्युपत्रात वाटा न मिळाल्यामुळे जिमीचा धाकटा भाऊ लिऑन न्यायालयात गेला, पण २००४ मध्ये निकाल त्याच्या विरोधात लागला. ध्वनियंत्रणासाठी कंपनीने एडी क्रेमरला परत बोलावले. २०१० पासूनचे अल्बम सोनीच्या लेगसी या विभागामार्फत येतात.

मिचेल आणि रेडिंग यांचे काय, असेही विचारले जाते. दोघांनी सत्तरच्या दशकात रक्कम घेऊन हक्क सोडल्याचे करार केले होते. रेडिंग २००३ मध्ये आणि मिचेल २००८ मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी वादक म्हणून असलेल्या हक्कांसाठी ब्रिटनमध्ये सोनीविरुद्ध दावा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो सुनावणीस योग्य ठरवला.

८. 'फर्स्ट रेज ऑफ द न्यू रायझिंग सन' हाच हेंड्रिक्सने ठरवलेला चौथा स्टुडिओ अल्बम आहे का?

पूर्णपणे नाही. हे नाव त्याचेच, आणि गाण्यांच्या हस्तलिखित याद्याही त्याने मागे ठेवल्या होत्या. पण त्या कच्च्या होत्या, आणि 'स्ट्रेट अहेड' असे दुसरे नावही त्याच्या मनात घोळत होते. १९९७ च्या अल्बमात सतरा गाणी आहेत : 'द क्राय ऑफ लव्ह'मधली सर्व दहा, 'रेनबो ब्रिज'मधली चार आणि 'वॉर हीरोज'मधली तीन. म्हणजे यात पूर्वी न आलेले गाणे जवळजवळ नाहीच. नवे आहे ते एकत्र आणणे. त्याच्या मनातला अल्बम कसा असता याचा हा अदमास आहे, आणि अदमास म्हणून उत्तम आहे. त्याला 'हरवलेला अल्बम' म्हणणे ही विक्रीची भाषा झाली.

९. मग 'रेनबो ब्रिज' आणि 'वॉर हीरोज' वेगळे घ्यायची गरज उरते का?

संग्रहासाठी हवे असतील तर जरूर घ्यावेत. ऐकण्यापुरते पाहिले तर 'रेनबो ब्रिज'ची (१९७१) उरलेली चार गाणी इतरत्र विखुरलेली आहेत : 'पाली गॅप' आणि 'लुक ओव्हर यॉन्डर' हे 'साउथ सॅटर्न डेल्टा'मध्ये, 'स्टार स्पँगल्ड बॅनर'चे स्टुडिओ रूप २००० च्या चार सीडींच्या संचात, आणि बर्कलीच्या मैफलीतले 'हिअर माय ट्रेन अ कमिन' 'ब्लूज'मध्ये. एक खुलासा : 'रेनबो ब्रिज' त्या नावाच्या चित्रपटाशी जोडून विकला गेला, पण चित्रपटात दिसणारी माउई बेटावरची मैफल त्यात नाही. ती २०२० मध्ये वेगळी आली (प्रश्न १० पाहा). 'लूज एंड्स' (१९७४) हा मात्र नावाप्रमाणेच आहे. ध्वनियंत्रक जॉन जॅन्सनने त्यावर स्वतःचे नाव न देता टोपणनाव दिले, यावरून काय ते समजावे.

१०. कुटुंबाच्या कंपनीने काढलेल्या अल्बमांत तरी नंतरची भर नाही ना?

आहे. डग्लसला दोष देताना हे विसरले जाते. २०१० च्या 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'मधल्या 'मिस्टर बॅड लक', 'लव्हर मॅन' आणि 'क्राइंग ब्लू रेन' या गाण्यांत मिचेल आणि रेडिंग यांनी १९८७ मध्ये, जुने निर्माते चॅस चँडलर यांच्या देखरेखीखाली, नव्याने वाजवलेला भाग आहे. तसेच 'लाइव्ह इन माउई'मध्ये ऐकू येणारे बरेच ड्रम ३० जुलै १९७० रोजी वाजवलेले नाहीत. वारा आणि जनरेटरची अनियमित वीज यांमुळे मूळ ड्रमचा आवाज खराब आला होता, म्हणून मिचेलने ते १९७१ मध्ये इलेक्ट्रिक लेडीत पुन्हा वाजवले.

फरक एवढाच की भर घालणारे मूळ वादकच होते. तो फरक लहान नाही, पण 'एक स्वरही बदललेला नाही' असा दावा कोणी केला तर तो मान्य करू नये.

११. 'बोथ साइड्स ऑफ द स्काय' आणि 'पीपल, हेल अँड एंजल्स' यांतल्या काही गाण्यांत आवाज त्याचा नाही. ही फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या मोकळ्या बैठकींचा हा परिणाम आहे. २०१८ च्या 'बोथ साइड्स ऑफ द स्काय'मधले 'वुडस्टॉक' स्टीफन स्टिल्स गातो आणि हेंड्रिक्स त्यात चक्क बास वाजवतो. हे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९६९ चे आहे. २०१३ च्या 'पीपल, हेल अँड एंजल्स'मधले 'लेट मी मूव्ह यू' सॅक्सोफोनवादक लॉनी यंगब्लड गातो. माझ्या मते हे गाणे त्या अल्बमातले सर्वांत जिवंत आहे, कारण हेंड्रिक्स त्यात पुन्हा साथीदाराच्या भूमिकेत शिरतो आणि चौफेर फिरून येतो. मात्र अशी गाणी मुखपृष्ठावरच्या एकाच नावाखाली विकली जातात, ही तक्रार रास्त आहे.

१२. जुन्या एलपींच्या बाजारात 'हेंड्रिक्सचा दुर्मीळ अल्बम' स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

मागची बाजू नीट वाचल्याशिवाय घेऊ नये. मुंबईचा चोर बाजार असो की परदेशातली दुकाने, तीन प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतात.

पहिला, कर्टिस नाइट या गायकाबरोबरचा. ऑक्टोबर १९६५ मध्ये, नाव होण्याच्या आधी, हेंड्रिक्सने एड चॅल्पिन या निर्मात्याशी एक डॉलर आणि एक टक्का स्वामित्वधनावर तीन वर्षांचा करार केला होता. त्याचे नाव झाल्यावर त्या बैठकींतली साथीची गिटार 'हेंड्रिक्सचा अल्बम' म्हणून विकली गेली. 'बँड ऑफ जिप्सीज' हा अल्बम कॅपिटॉल कंपनीला द्यावा लागला, तो याच कराराच्या तडजोडीत. ही ध्वनिमुद्रणे आता कुटुंबाच्या कंपनीकडे असून २०१५ पासून व्यवस्थित स्वरूपात येऊ लागली आहेत, त्यामुळे जुन्या प्रतींसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार यंगब्लडबरोबरच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचा. सत्तरच्या दशकात त्यांवर दुसऱ्या गिटारवादकांकडून भर घालून ती फुगवली गेली, त्यामुळे ऐकू येणारी गिटार कोणाची हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. तिसरा प्रकार न्यूयॉर्कच्या 'सीन' क्लबमधल्या मार्च १९६८ च्या जॅमचा. त्यात डोअर्स या बँडचा गायक जिम मॉरिसन नशेत ओरडताना ऐकू येतो. मुखपृष्ठावर गिटारवादक जॉनी विंटरचे नाव असते, पण आपण तिथे नव्हतो असे स्वतः विंटरने सांगितले होते.

१३. मैफलींच्या अल्बमांत संपूर्ण कार्यक्रम असतो का?

क्वचितच. वुडस्टॉकचे उदाहरण बोलके आहे. १८ ऑगस्ट १९६९ च्या सोमवारी सकाळी झालेल्या त्या वादनात दुसरा गिटारवादक लॅरी ली यानेही गाणी म्हटली होती. १९९९ च्या दोन सीडींच्या 'लाइव्ह ॲट वुडस्टॉक'मध्येही ती नाहीत. तालवादक जुमा सुलतान आणि जेरी वेलेझ मिक्समध्ये जेमतेम ऐकू येतात.

न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधल्या चार मैफलींचे (३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७०) नशीब त्या मानाने चांगले. मूळ 'बँड ऑफ जिप्सीज'मध्ये सहाच गाणी होती. १९९९ मध्ये 'लाइव्ह ॲट द फिलमोर ईस्ट'च्या दोन सीडी आल्या, २०१६ मध्ये पहिली मैफल स्वतंत्रपणे आली, आणि २०१९ च्या 'साँग्स फॉर ग्रूव्ही चिल्ड्रन'मध्ये चारही मैफली पाच सीडींवर आल्या. 'मशीन गन' प्रत्येक वेळी कसे वेगळे उलगडते हे ऐकायचे असेल तर या संचाला पर्याय नाही.

१४. डॅगर रेकॉर्ड्स काय आहे? ते बूटलेग आहेत का?

बूटलेग म्हणजे परवानगीविना काढलेली चोरटी ध्वनिमुद्रणे. यांना अधिकृत बूटलेग म्हणता येतील. प्रेक्षकांतून केलेली किंवा सदोष ध्वनिमुद्रणे चोरट्या बाजारात फिरत असतातच, तर ती आपणच काढावीत, या हेतूने कुटुंबाच्या कंपनीने १९९८ मध्ये हे लेबल सुरू केले. पहिला अल्बम ओकलंड कोलिझियमच्या मैफलीचा होता. आवाजाच्या दर्जाबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

१५. 'ब्लॅक गोल्ड' खरोखर अस्तित्वात आहे का? आणि जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबरचा जॅम?

दोन्ही आहेत. 'ब्लॅक गोल्ड' म्हणजे हेंड्रिक्सने ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरी एकट्याने अकूस्टिक गिटारवर केलेली गाण्यांची मालिका. कॅसेट मिच मिचेलकडे होत्या, आणि त्या चोरीला गेल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. तिच्यातले 'सडनली नोव्हेंबर मॉर्निंग' २०१० च्या 'वेस्ट कोस्ट सिॲटल बॉय' या संचात आले.

गिटारवादक मॅक्लॉफ्लिनबरोबरची बैठक मार्च १९६९ मध्ये रेकॉर्ड प्लांटमध्ये झाली. बासवर डेव्ह हॉलंड आणि ड्रमवर बडी माइल्स होते. पुढे झाकिर हुसेन यांच्यासह 'शक्ती' उभारणारा हाच मॅक्लॉफ्लिन, म्हणून आपल्याकडे या टेपविषयी विशेष कुतूहल असते. चोरट्या प्रती ऐकून फार आशा बांधू नये. दोघेही एकमेकांना चाचपत आहेत, आणि त्याच सुमारास लॅरी यंगबरोबर जे जमले (प्रश्न ६) तसे येथे जमलेले नाही.

१६. इतकी वर्षे झाली, आता ही ध्वनिमुद्रणे भारतात हक्कमुक्त आहेत का?

नाहीत. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो, ध्वनिमुद्रणाच्या तारखेपासून नाही. म्हणून १९६७ चे अल्बम या गणिताने २०२७ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत, तर १९६९ मध्ये मुद्रित होऊन २०१८ मध्ये प्रथम आलेले गाणे २०७८ पर्यंत. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा : हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांसाठी रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि मृत्यूनंतर प्रथम आलेल्या रचनांसाठी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. परदेशी कृतींना आणखी अटी लागू होऊ शकतात, त्यामुळे व्यावसायिक वापरापूर्वी वकिलाला विचारावे.

१७. मुखपृष्ठावर एक ठिकाण लिहिले आहे आणि आत दुसऱ्याच मैफलीचे ध्वनिमुद्रण आहे, असे होते का?

होते, अगदी अधिकृत अल्बमांतही. १९७२ च्या 'हेंड्रिक्स इन द वेस्ट'मध्ये 'लिटल विंग' आणि 'वूडू चाइल्ड' सॅन डिएगोचे म्हणून छापले होते. प्रत्यक्षात ते २४ फेब्रुवारी १९६९ चे, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधले आहेत. त्या मैफलीच्या हक्कांचा तंटा दीर्घकाळ चालल्यामुळे २०११ च्या आवृत्तीत दोन्ही गाण्यांच्या जागी दुसरी रूपे घातली गेली. परिणामी अल्बमाचे नाव तेच असले तरी जुन्या एलपीवरचे 'लिटल विंग' आणि नव्या सीडीवरचे 'लिटल विंग' वेगळे आहेत. जुने हवे असेल तर जुनी एलपीच शोधावी लागते, आणि माझ्या मते ते शोधण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण १९८६ च्या 'बँड ऑफ जिप्सीज २'चे. त्याची दुसरी बाजू बँड ऑफ जिप्सीजची नाहीच. बडी माइल्सऐवजी मिचेल ड्रमवर असलेल्या १९७० च्या उन्हाळ्यातल्या बर्कली आणि अटलांटा येथील मैफलींतली गाणी तिथे आहेत. अशा वेळी ड्रमकडे कान द्यावा. माइल्स एकच ठेका घट्ट धरून बसतो, मिचेल सतत बाजूच्या ड्रमवर धावत असतो. दोन्ही बाजू एकापाठोपाठ लावल्या की लेबल न वाचताही फरक ओळखू येतो.